निवडणुकीनंतरचा जेसीबी : ई-क्लासवरची घरं कोण पाडतं आणि कशासाठी?

धुऱ्यावरून

बुलडोझर म्हटलं की डोळ्यांपुढे टीव्हीवरचं दृश्य येतं. कुठंतरी दगडफेक होते, नावांची यादी निघते आणि दुसऱ्या दिवशी पिवळं यंत्र दारात उभं. एप्रिल 2022 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, खरगोनला, पंतप्रधान आवास योजनेतून बांधलेलं घरही त्यात गेलं. सरकारच्याच पैशाने उभं राहिलेलं घर सरकारनेच पाडलं. मार्च 2025 मध्ये हे लोण नागपुरात आलं. 17 तारखेला दंगल, 24 ला महापालिकेने एका आरोपीचं घर पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर घर आडवं झालं होतं. पुढे आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. घर पाडण्याआधी नोटीस द्या, ऐकून घ्या, या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची माहिती अधिकाऱ्यांना नव्हती म्हणे. ते निर्देश 13 नोव्हेंबर 2024 चे, आणि ते देणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते, अमरावतीचे. अमरावतीच्या माणसाने दिल्लीत लिहिलेलं नागपूरला पोचायला चार महिने पुरले नाहीत.

पण मला बोलायचंय ते खेड्याबद्दल. आमच्याकडे दंगल लागत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पुरते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, नाव लिहीत नाही. गावाच्या उगवतीला ई-क्लासची जमीन (पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी जिला गायरान म्हणतात ती). तिथं घरांच्या दोन ओळी. पहिली बहात्तरच्या दुष्काळानंतर बसली, दुसरी नव्वदच्या दशकात. तेव्हा कुडाच्या भिंती होत्या, आता विटांच्या, वर टिन. विजेचं मीटर आहे, नळ आहे. ग्रामपंचायत दरवर्षी घरटॅक्स घेते, पावती देते, नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या कर नोंदवहीत, नाव लावते आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अतिक्रमण’ असं लिहून ठेवते.

मागच्या निवडणुकीत दुसरी ओळ विरोधी पॅनलकडे गेली. गावात मत लपत नाही. एका वॉर्डात दोन-अडीचशे मतं, मोजणीच्या टेबलावरच कळतं कोणती गल्ली फिरली. निकालानंतर थोड्याच दिवसांत त्या ओळीतल्या अकरा घरांना नोटिसा आल्या. पहिल्या ओळीला एकही नाही. त्याच गट नंबरात निवडून आलेल्या पॅनलच्या एका वजनदार माणसाचं गोदाम आहे, सिमेंटचं, शटर लावलेलं. त्यालाही नाही. नोटिसा कोतवालाने भरदुपारी दारांवर चिकटवल्या, तेव्हा सगळी ओळ वेचणीला वावरात. नोटिशीवरची तारीख आठ दिवस आधीची.

शेवटी तीन घरं पाडली. आठ ठेवली. का ठेवली ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. पुढच्या ग्रामसभेत त्या आठही घरची माणसं पुढच्या सतरंजीवर बसली होती आणि प्रत्येक ठरावाला त्यांचे हात वर होते.

म्हणून मला वाटतं की आपण चर्चा नेहमी पाडलेल्या घराची करतो, आणि सत्तेचा खरा फायदा न पाडलेल्या घरांतून निघतो. जी घरं पाडता येतात पण पाडलेली नाहीत, ती मतपेटीसारखी सांभाळून ठेवली जातात. ती नियमित करायला कायदा आहे, शासन निर्णय आहेत. फायली हलत नाहीत. तुमच्या गावात काय दिसतं?

तुरीची शेंग

भाऊ, आमच्या इकडं बी डिट्टो हेच. मतदानाच्या दिवशी कोन कोनाच्या गाडीत बसून बूथवर आला हे पाहाले पानठेल्यावर मानसं बसवले होते. निकाल लागला अन् पंधरा दिवसात रस्ता रुंदीकरन निंघालं. रस्ता रुंद झाला तो बी एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूचे ओटे, संडास, न्हानी, सगळं जागच्या जागी. आमाले म्हने नकाशात असंच हाय. नकाशा दाखवा म्हटलं तर नकाशा अजून कोनी पाहिला नाही.

सरळमार्गी

धागाकर्त्याचं लेखन भावनिक आहे, पण मुद्दा सरळ आहे. जमीन सरकारची. घर बेकायदा. पाडलं. यात राजकारण कुठं आलं? घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. गायरान गुरांसाठी असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं आहे की गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. त्याला तुम्ही सूडबुद्धी म्हणणार का?

धुऱ्यावरून

सरळमार्गी साहेब, अकराही घरं आणि गोदाम, सगळं एका दिवशी काढलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. पहिल्या ओळीतल्यांशीही माझं वैर नाही. एकाच गट नंबरात, एकाच कायद्याखाली तीन घरं पडतात आणि बाकी सगळं उभं राहतं, तेव्हा निवड कोणी केली आणि कशावरून केली, एवढाच माझा प्रश्न आहे. जगपाल सिंग निकाल मी वाचलाय. तो प्रामुख्याने दांडगाई आणि पैशाच्या जोरावर तळी, गायरानं बळकावणाऱ्यांबद्दल आहे. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे दिले असतील अशा अपवादांची जागाही त्यात ठेवली आहे. आमच्याकडे तो निकाल दाखवून दांडगा माणूस बिनदांडग्याचं घर काढतो.

मंडळ अधिकारी (निवृत्त)

नोकरी महसुलात गेली, म्हणून थोडं आतलं लिहितो. बढाई नाही, पण कागद कसा चालतो ते इथं बऱ्याच जणांना ठाऊक नसेल.

तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई नावाची नोंदवही असते. अतिक्रमणांची. नियमाने दरवर्षी पाहणी करून ती भरायची. प्रत्यक्षात कोणाचं नाव चढवायचं, कोणाचं सोडायचं, यावर गावातलं अर्धं राजकारण चालतं. गंमत अशी की नाव चढणं कधी शाप असतं, कधी वरदान. 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय आणि भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ज्याचं नाव 1-ई मध्ये जुन्या तारखेने होतं त्याला पट्टा मिळाला. ज्याचं नाव त्या वेळच्या पाटलाने चढू दिलं नव्हतं, तो तेवढीच वर्षं तीच जमीन कसून कोरडा राहिला. ही जमीन कशी मिळाली तेही लोक विसरले. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा जो सत्याग्रह उभारला, 1964 मध्ये माणसं तुरुंगात गेली, त्यानंतर हळूहळू सरकार हललं. मेहेरबानी कोणाची नव्हती.

घरांचंही तसंच. 2018 च्या फेब्रुवारीत ग्रामविकास खात्याचा शासन निर्णय निघाला, ‘सर्वांसाठी घरे’ धोरणाखाली शासकीय जागेवरची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा. त्यासाठी ग्रामपंचायतीने यादी करायची, ठराव घ्यायचा, मोजणी करून घ्यायची, प्रस्ताव वर पाठवायचा. आता मला सांगा, जो सरपंच पाच वर्षं त्या घरांच्या भीतीवर निवडून येतो, तो हा प्रस्ताव का पाठवेल? माझ्या पाहण्यात प्रस्ताव न पाठवण्यासाठी कोणी कधी नकार लिहून दिला नाही. मोजणीचं शुल्क भरायचं राहतं, नकाशाची प्रत सापडत नाही, ग्रामसेवकाची बदली होते. जमीन गायरान निघाली तर मग विचारूच नका, फाईल तिथंच बसते.

नोव्हेंबर 2022 आठवतो का? उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेर काढायला सांगितली आणि राज्यभर नोटिसा सुटल्या. सरकारचा आकडा दोन लाखांहून जास्त बांधकामांचा होता. मोर्चे निघाले, मग मंत्र्यांनी सांगितलं घरं काढणार नाही. लोक निवांत झाले. पण नोटीस दिलेली होती, ती फायलीत राहिली. मागे घेतल्याचं पत्र कितीजणांना मिळालं? धागाकर्त्यांच्या गावातल्या नोटिसा तपासा. जुन्या प्रकरणाचा संदर्भ देऊन नवी तारीख टाकलेली असेल, असा माझा अंदाज.

धुऱ्यावरून

काका, तुम्ही गावात येऊन गेलात का? अकरापैकी चार नोटिशींत 2022 चा संदर्भ आहे.

आखरावरची

मी सहसा वाचूनच जाते, आज लिहिते.

मी ग्रामपंचायत सदस्य होते. राखीव जागा होती, वॉर्डात बायकांनी उभं केलं. निवडून आले. सहा महिन्यांत पडलेल्या उमेदवाराच्या दिराने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला की माझ्या सासऱ्यांनी शासकीय जागेवर घर बांधलंय आणि मी त्यात राहते, म्हणून मला अपात्र करा. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधी वारले. घर त्यांनी बांधलं तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या नावावर त्या घरात एक गॅसचं कनेक्शन आहे, बस.

अपात्र झाले. अमरावतीला आयुक्तांकडे अपील केलं, तिथंही गेलं. त्या प्रकरणापायी केलेलं कर्ज अजून फिटायचंय. वकील म्हणाले ताई, 2018 मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलंय की कुटुंबातल्या माणसाने केलेलं अतिक्रमणही धरायचं, आता काही होत नाही. ज्याने अर्ज केला त्याची गोठ्याची भिंत आखरावर, म्हणजे गावची गुरं थांबायच्या मोकळ्या जागेवर आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज करायला माझ्याकडे ना पैसे ना जोर.

माझं घर कोणी पाडलं नाही. अजून उभं आहे. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक झाली, ती बाई आली. त्यानंतर घराबद्दल एक शब्द कोणी काढला नाही.

कोर्टाची पायरी

ताई, तुमचं प्रकरण एकट्याचं नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14(1)(ज-3) हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त चालणारं कलम आहे. सरकारी जमीन किंवा सार्वजनिक मालमत्ता बळकावणारा माणूस सदस्य राहू नये, हा हेतू चुकीचा नाही. आधी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की अपात्रता मूळ अतिक्रमण करणाऱ्यालाच लागेल. 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं : कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून जो त्याचा उपभोग घेतो, तोही अपात्र. निकालामागचा तर्क समजतो, नाहीतर प्रत्येक जण बापाच्या नावाने बळकावेल. पण जिथं सगळं दलित-आदिवासी मोहोल्लाच तीन पिढ्या ई-क्लासवर वसलेला आहे, तिथं या निकालाचा अर्थ असा होतो की त्या मोहोल्ल्यातून निवडून येणारा जवळजवळ कोणीही कधीही काढता येतो. राखीव जागा कागदावर राहते आणि अर्जाची धमकी तिला पुरून उरते.

आता 2024 च्या निकालाबद्दल, कारण वर त्याचा उल्लेख आहे आणि खेड्यात त्याची माहिती शून्य आहे. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, नोंदणीकृत टपालाने, शिवाय बांधकामावर चिकटवायची. नोटीस निघाल्याचा ई-मेल जिल्हाधिकारी कार्यालयाला जायला हवा आणि तिकडून पोच यायला हवी. हे मुद्दाम घातलंय, मागच्या तारखा टाकता येऊ नयेत म्हणून. म्हणजे धागाकर्त्यांच्या गावातला प्रकार न्यायालयाने आधीच ओळखला होता. त्यानंतर प्रत्यक्ष सुनावणी, कारणं देऊन लिहिलेला आदेश, आदेशानंतर आणखी 15 दिवस, पाडताना चित्रीकरण. हे मोडलं तर अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून भरपाई आणि पुन्हा बांधणी.

पण एक फट आहे. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. ई-क्लासचं नाव त्या यादीत नाही. तरी समोरचा वकील उभा राहून म्हणतो की गायरान म्हणजे सार्वजनिक जागाच. त्यावर आम्ही भांडतो. आणि तुरीची शेंग यांच्या गावातलं रुंदीकरण आठवा. घर नोटिशीच्या भानगडीशिवाय पाडायचं असेल तर ते रस्त्यात आहे असं दाखवणं सोपं.

सरळमार्गी

वकीलसाहेब, म्हणजे गरीब असेल तर कायदा मोडायला मुभा, असंच ना शेवटी? 1985 पासून हेच चाललंय, उपजीविकेचा हक्क वगैरे.

कोर्टाची पायरी

1985 चा ओल्गा टेलिस निकाल लोक न वाचता सांगतात. त्यात उपजीविका जगण्याच्या हक्काचा भाग मानली गेली, हे खरं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणाला दिला नव्हता. पावसाळा संपेपर्यंत थांबा आणि मग काढा, असाच शेवट होता. तेव्हा मुभा वगैरे काही नाही. एकसारखी वागणूक आणि आधी ऐकून घेणं, इतकंच मागतोय.

ढोरकी

मी ढोरं चारतो. दोन्ही बाजूचं ऐकलं, आता माझं ऐका.

आमच्या गावची ई-क्लास होती तेवढी राहिली नाही. घरं बसली तेव्हा कोपरा गेला. तो दिसतो, कारण तिथं धूर निंघते, लेकरं खेळतात. बाकीची कुठं गेली ते सांगतो. एका संस्थेची शाळा अन् तिचं कंपाउंड. एका पुढाऱ्याच्या भाच्याची वीटभट्टी. मुरूम खोदून खोदून झालेला खड्डा. अन् धुऱ्याला लागून ज्यायचे वावर हायत त्यायनं दरवर्षी दोन तास (नांगराच्या रेघा) आत सरकवले, ते तर कोनी मोजतच नाही. माझ्या ढोरायले घरांनी उपाशी नाही मारलं. पन कारवाई झाली की गावात बोर्ड लागते, ‘गायरान मुक्त केले’. त्या मुक्त केलेल्या जागेवर गवत कधी उगवलं नाही, त्याच्यावर व्यायामशाळेचं भूमिपूजन झालं.

सरळमार्गी भाऊ, ढोरायचं नाव घेता त कधी चारायले बी या.

सुपारी कातर

@ढोरकी दादा, दंडवत.

वाचनवेडा

चर्चा गावापुरती आहे, तरी थोडं मागचं आणि दूरचं लिहितो, विषयाला धरूनच आहे.

घर मोडून माणसाला वाकवणं आपल्याकडे नवं नाही. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. हेतू फक्त नासधूस नव्हता. इथं पुन्हा कोणी वसती करू नये, केली तर तो राजद्रोह, हा निरोप होता. पुढे जिजाऊंनी तिथंच सोन्याचा नांगर फिरवून घेतल्याची आख्यायिका आहे ती त्यालाच उत्तर म्हणून. कोणाचं वाटोळं व्हावं असं म्हणायचं असलं की आजही आपण गाढवाचा नांगर काढतोच.

पण तेव्हाचा सत्ताधारी कारण सांगायच्या भानगडीत पडत नसे. आधुनिक काळात कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा स्वच्छतेचं किंवा नगररचनेचं असतं. 1936 साली ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये अरबांचं बंड मोडताना जाफ्फा शहराचा जुना भाग सुरुंग लावून उडवला. शेकडो घरं. रहिवाशांना विमानातून पत्रकं टाकून कळवलं की शहर सुधारणेसाठी ही घरं काढायची आहेत. प्रत्यक्षात त्या बोळांत सैन्याला शिरता येत नव्हतं. 1945 मध्ये आणीबाणीचे नियम केले, त्यातला 119 क्रमांकाचा नियम अधिकाऱ्याला शिक्षा म्हणून घर पाडायची मुभा देतो. ब्रिटिश गेले, इस्रायल झालं, नियम राहिला. 2005 मध्ये त्यांच्याच लष्कराच्या समितीने या शिक्षेने धाक बसतो हे पटत नाही असं म्हटल्यावर तो बाजूला ठेवला आणि 2014 मध्ये पुन्हा काढला.

आणि निवडणुकीनंतरच्या जेसीबीबद्दल धागाकर्त्यांनी लिहिलंय म्हणून झिंबाब्वे. मार्च 2005 च्या निवडणुकीत शहरांतल्या बहुतेक जागा विरोधकांकडे गेल्या. मे महिन्यात सरकारने शहरांतली बेकायदा घरं आणि टपऱ्या साफ करायची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार सुमारे 7 लाख लोकांचं घर किंवा धंदा किंवा दोन्ही गेलं. तिथंही सरकार म्हणत होतं, बेकायदा आहे म्हणून काढतोय. बेकायदा होतंच बरंचसं. त्याच घरांत लोक निवडणुकीच्या आधीही राहत होते.

आपल्याकडचं, आणीबाणीतलं दिल्लीचं तुर्कमान गेट (1976) सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

बेड्यावरचा

इतका वेळ घरटॅक्स, नमुना 8, नळ यांवर बोलणं चाललंय. आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, यातलं काहीच नाही. मी पारधी समाजाचा. मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याबद्दल दुसरेच बोलतात.

गावात चोरी झाली की ठाणेदार पहिले बेड्यावर येतो. हे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून चालत आलंय. कायदा 1952 मध्ये गेला, सवय नाही गेली. पण पोलिसांपेक्षा जास्त भीती गावकीची. गावात ठराव होतो की बेडा हटवा. मग कधी वनखातं येतं, जागा वनाची म्हणून. कधी महसूल, ई-क्लासची म्हणून. आणि कधी गावातले पोट्टे रात्री येतात, त्यांना कागद लागत नाही. आमचं झोपडं काड्यापेटीने जातं, जेसीबीचा खर्च कशाला. दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात ‘आग लागली’ असं लिहितात.

नोटीस कोणाच्या नावाने काढणार? सरकारदरबारी आमचं घर नव्हतंच, तर ते पडलं कधी? घरकुल मागायला गेलो तर जागेचा कागद आणा म्हणतात. जागा मागायला गेलो तर रहिवासाचा पुरावा आणा म्हणतात. पारधी समाजासाठी आवास योजना आहे, ऐकून आहे.

वकीलसाहेबांनी सांगितलेले पंधरा दिवस ज्यांना मिळतील त्यांना मिळोत. आमच्यातली दोन पोरं आता आश्रमशाळेतून शिकून आलीत, अर्ज लिहितात. पहिल्या अर्जाला उत्तर आलं तेव्हा बेड्यावर ते पत्र सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. उत्तर नकाराचंच होतं.

झाडीपट्टीकर

पूर्वेकडून एक भर. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाकडे, आणि नागपूर-वर्ध्यातही, झुडपी जंगल नावाचं प्रकरण आहे. महसुली कागदात पडीक, खुरटी झाडं असलेली जमीन, पण वनाच्या खात्यात मोजलेली. सहा जिल्ह्यांत मिळून 86 हजार हेक्टरच्या वर. तिच्यावर शाळा आहेत, दवाखाने आहेत, मसणवट्या आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत आणि गरिबांची घरंही आहेत. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा न्यायमूर्ती गवईच, तेव्हा सरन्यायाधीश होते, ठरवलं की झुडपी जंगल हे वनच. मात्र 12 डिसेंबर 1996 च्या आधीचे जे वापर आणि वाटप आहे त्याला केंद्राकडून मंजुरी घेऊन संरक्षण द्या. 1996 नंतरचं असेल तर कडक तपासणी.

आता धागाकर्त्यांचा मुद्दा इथं लावा. घर पंच्याण्णवचं की सत्त्याण्णवचं, हे कोण ठरवणार? ज्याच्याकडे जुनी घरटॅक्स पावती आहे तो वाचला. ज्याची पावती पुरात, उंदरांनी, नाहीतर टिन उडालं त्या वादळात गेली, त्याने ग्रामपंचायतीतून दाखला आणायचा. म्हणजे पुन्हा सरपंच. आमच्याकडे गेल्या वर्षापासून जुन्या पावत्यांना एवढी किंमत आली आहे की लोक त्या शेतीच्या सातबाराच्या पिशवीत ठेवायला लागलेत.

आणि जंगलात राहणाऱ्यांसाठी वनहक्क कायद्याचं कलम 4(5) विसरू नका. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही. फॉरेस्टवाला गार्ड आला तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीचा दाव्याचा पोचकागद दाखवायचा. आमच्याकडे मेंढा-लेखासारख्या गावांनी ग्रामसभा बळकट केली, तिथं गार्ड आधी विचारून येतो. पॅनलचं राजकारण तिथंही आहे, पण दावा पूर्ण ग्रामसभेचा असला की एकटं घर वेगळं काढून टिपता येत नाही.

सरळमार्गी

झाडीपट्टीकर, तुमचा शेवटचा मुद्दा पटला. एकटं घर टिपता येऊ नये. बाकी मी माझ्या मतावर आहे, अतिक्रमणाला प्रोत्साहन मिळतंच. उद्या पावती बघून आणखी चार जण जाऊन बसतील.

मंडळ अधिकारी (निवृत्त)

बसतील, खरं आहे. माझ्या हयातीत मी तेही पाहिलंय. निवडणुकीच्या वर्षी पुढारीच बसवतात, ‘बसा, मी पाहतो’ म्हणून. बसवणारा तोच, आणि पाच वर्षांनी उठवायची भीती घालणाराही तोच. त्यामुळे साहेब, प्रोत्साहन नेमकं कोण देतं हे पंचनाम्यात कधी येत नाही.

खोचक नागपुरी

काय राजेहो, दोन्ही पॅनलवाले इथंच आलेत वाटते. आमच्या पक्षाच्या काळात एक तरी घर पडलं का सांगा?

संपादक मंडळ

पक्षांच्या नावाने टोलेबाजी नको. वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा विषयावर ठेवा.

तुरीची शेंग

वकील भाऊ, एक काम होतं. आमच्या इकडचे ओटे गेले ते गेले, पन आता त्याच बाजूच्या चार घरायले नोटीस आली. सात दिवसाची. पाडून झाल्यावर कोर्टात जाऊन काही भेटते का, का आधीच जावं लागते?

कोर्टाची पायरी

आधी जा, वाट पाहू नका. पाडून झाल्यावरही मिळतं, पण वर्षं जातात. प्रयागराजमध्ये 2021 साली रात्री नोटीस चिकटवून दुसऱ्या दिवशी घरं पाडली होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 10 लाख भरपाई द्यायला सांगितली ती एप्रिल 2025 मध्ये. चार वर्षं ती माणसं कुठं राहिली हे कोणत्या आदेशात येत नाही.

तुमच्यासाठी : सात दिवसांच्या नोटिशीला आजच लेखी उत्तर द्या. आम्ही कधीपासून राहतो, कोणते पुरावे आहेत, सुनावणी हवी, आणि 13 नोव्हेंबर 2024 च्या निर्देशांप्रमाणे 15 दिवस मिळाले नाहीत, एवढं लिहा. ग्रामपंचायत, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी, तिघांना. तोंडी काही मान्य करू नका आणि कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पहा : ग्रामपंचायतीचं कलम 53 असेल तर जागा सार्वजनिक रस्ता किंवा मोकळी जागा आहे हे आधी त्यांना दाखवावं लागेल, जमीन महसूल संहितेचं कलम 50 असेल तर विषय महसुलाकडे जातो. कलमच लिहिलं नसेल तर तेही उत्तरात नोंदवा. चौघांनी मिळून द्या. वेगवेगळे गेलात तर एकाला बोलावून वेगळं सांगतील.

तुरीची शेंग

चौघातला एक कालच सरपंचाकडं जाऊन आला. त्याले म्हने तुझं नाई पाडत, तू सही नको करू.

धुऱ्यावरून

आमच्याकडेही हेच झालं, आणि अकराचे तीन तसेच निवडले गेले. त्या चौथ्याला रागावू नका. त्याच्या घरात म्हातारी असेल, लेकरू असेल. उरलेल्या तिघांचा अर्ज तयार करा, त्याच्या सहीसाठी खाली जागा सोडा. अर्जासोबत माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा : रस्त्याचा मंजूर नकाशा, त्या रस्त्यावरच्या दोन्ही बाजूंचा नमुना 8 चा उतारा आणि 1-ई ची नक्कल. दोन्ही बाजूंचा असं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमच्याच बाजूचा देतील.

मंडळ अधिकारी (निवृत्त)

आणि पोच घेताना शिक्का तारखेचा आहे का ते बघा. नुसत्या सहीची पोच नको.